विधान भवनात बाईचा हूं

केनवड

एसटीत अठ्ठावीस वर्षं वाहक म्हणून काढल्यावर माणसाला दोन सवयी लागतात. एक म्हणजे उभ्या उभ्या डुलकी घेता येते. दुसरी म्हणजे कुठेही नियम लिहिलेला दिसला की तो शेवटपर्यंत वाचल्याशिवाय पाय पुढे पडत नाही. दवाखान्यात लोक औषधाच्या रांगेत उभे असतात, मी भिंतीवरची पाटी वाचत असतो. बायको म्हणते, आमच्या लग्नात मंगलाष्टकांच्या जागी नियमावली वाचायला हवी होती.

त्यामुळे हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत माझी भाची प्रज्ञा हिने विधान भवनाच्या प्रेक्षक गॅलरीचे नियम फोनवर पाठवले, तेव्हा मला नवा सदरा मिळाल्यासारखं वाटलं. वाशीमला जाऊन त्याची छापील प्रत काढून आणली, मोठ्या अक्षरात. मोबाइल, पिशवी, छत्री, खाद्यपदार्थ आत नेऊ नयेत. टाळ्या वाजवू नयेत, घोषणा देऊ नयेत. कठड्यावर रेलू नये. पायावर पाय टाकून बसू नये. झोपू नये. खाली बसलेल्यांना खुणा करू नयेत. कोणत्याही प्रकारचा आवाज करू नये. किती नेटके नियम! आमच्या गाडीत यातला निम्मा जरी कोणी पाळला असता, तरी माझे केस इतक्या लवकर पांढरे झाले नसते.

प्रज्ञा माझ्या मोठ्या बहिणीची धाकटी मुलगी. बहिणीचं नाव अनुसया. आम्ही सगळे तिला बाईच म्हणतो. केनवडजवळच्या एका वस्तीवर तिची दोन एकर कोरडवाहू आणि एक पिठाची गिरणी आहे. मेहुणे गेल्यावर तिने त्या गिरणीवरच दोन्ही मुली वाढवल्या. थोरली कारंज्याला दिली. धाकटी प्रज्ञा परीक्षा देत देत विधिमंडळात प्रतिवेदक झाली. सभागृहात जे जे बोललं जातं ते जागच्या जागी लघुलिपीत उतरवून घ्यायचं, हे तिचं काम. एरवी ती मुंबईला असते. अधिवेशन नागपूरला आलं की तीही येते.

पण हे काम वस्तीवर कोणाला समजावून सांगणार? "प्रज्ञा काय करते?" असं कोणी विचारलं की बाई म्हणायची, "लिहते." पुढचा विचारायचा, "काय लिहते?" आणि बाई दळण मोजायला वळायची. लोकांनीच मग ठरवून टाकलं की पोरगी टायपिंग करते. बाईच्या मनाला हे फार लागून राहिलं होतं. ज्या पोरीसाठी आयुष्यभर पीठ खाल्लं, ती पोरगी नेमकं काय करते हे आपल्याला सांगता येऊ नये? एक दिवस ती माझ्या दारात आली आणि म्हणाली, "वामन, मले तिथं ने. मले माह्या डोयानं पाह्यचं हाये, थे काय करते. मंग मी सांगतो लोकाइले."

एका ओळखीच्या माणसाकरवी पासांसाठी शिफारस गेली आणि दोन पास मंजूर झाले. बुधवारी दुपारी बारा ते एक. प्रज्ञाने फोनवर बजावलं, "मामा, साडेबाराला माझी पाळी आहे. दहा मिनिटांची. मी वर पाहणार नाही, मला पाहता येत नाही. मायनंही हाक मारायची नाही, हात हलवायचा नाही. आवाज झाला तर बाहेर काढतात."

निघायच्या आदल्या दिवशी मी बाईच्या अंगणात तालीम घेतली. तिला खुर्चीवर बसवलं, समोर उभा राहिलो आणि मंत्री झाल्यासारखा पेपर वाचायला लागलो. पहिलं वाक्य संपलं आणि बाई म्हणाली, "हूं."

"बाई, हूं करायचं नाही."

"मी कुठं केलं?"

दुसरं वाक्य. "हूं."

आता यात तिचीही चूक नाही. आमच्याकडे कोणी बोलत असेल तर ऐकणाऱ्याने हूं द्यायचा असतो. नाही दिला तर बोलणारा थांबतो आणि विचारतो, झोपली का व? गोष्ट असो, गाऱ्हाणं असो, हूं देणारा नसेल तर सांगणाऱ्याचा जीव लागत नाही. बाईचा हूं तर पंचक्रोशीत नावाजलेला. गिरणीच्या घरघरीवरून पलीकडच्या माणसाला ऐकू जावा म्हणून कमावलेला, भरदार, पोटातून आलेला.

"तू बोलून राह्यला अन मी गप बसू?" बाई चिडून म्हणाली. "थ्या मानसाले वाटंल, हे बाई बहिरी हाये."

"त्याइले काय वाटाचं थे वाटू दे. नियम हाये."

"असा कसा नियम, बाप्पा! ऐकाले बलावतात अन ऐकून राह्यलो म्हनून सांगू देत नाई."

अर्धा तास तालीम झाली. शेवटी एकवीस वाक्यांत फक्त चार हूं, इथवर मजल गेली. मी समाधान मानलं.

कारंजा

वाशीमहून सकाळची नागपूर गाडी धरली. निवृत्त माणसाने गाडीत मागे बसून दुसऱ्याला तिकीट फाडताना पाहणं यासारखं सुख नाही. वाहक तरुण होता, सुट्टे पैसे देताना हसत होता. मी त्याला मनातल्या मनात दहापैकी आठ गुण दिले.

बाहेर थंडी होती. तुरीला शेंगा भरल्या होत्या, हरभरा वीतभर वर आला होता आणि वेचणीच्या शेतांत बाया कमरेला ओटी बांधून ओळीने पुढे सरकत होत्या. बाई खिडकीशी बसून प्रत्येक शेताला शेरा देत होती. "याची तूर उंच नुसती, शेंगा नाईत." "हा कापूस वेचाले उशीर केला." मंगरूळपीर मागे पडेपर्यंत तिने अर्ध्या जिल्ह्याची पीकपाहणी उरकली होती.

कारंज्याला गाडी पंधरा मिनिटं थांबते. बाईची विहीण शेवंताबाई फलाटावर डबा घेऊन उभीच होती. भरड्याचे वडे, गरम, वर हिरव्या मिरचीचा ठेचा. आमच्या घरचे वडे चपटे असतात. कारंज्याचे फुगीर आणि जिऱ्याचे. पहिल्या घासाला मी विहिणीचे सगळे जुने गुन्हे माफ केले.

गुन्हे म्हणजे काय, तर बाईला टोचून बोलणं. तिथेही तिने संधी सोडली नाही.

"नागपूरले कायले चालल्या, इहीनबाई?"

"प्रज्ञाचं काम पाहाले."

"म्हंजे थे करते काय नेमकं?"

"लोकं बोलतात थे लिहते."

"लोकं बोलतात थे?" शेवंताबाई हसली. "मंग थे तं कोनीबी लिहील. माहा नातू बी लिहते मास्तरीन सांगते थे, शायेत."

बाई डबा मांडीवर घेऊन बसली. गाडी सुटल्यावर बराच वेळ तिने शेतांना शेरे दिले नाहीत. मला विहिणीचा राग आला, पण वडा तोंडात होता.

नागपूर, बुधवार

माझ्या मावसभावाकडे मुक्काम होता. सकाळी त्याने तर्रीपोहे खाऊ घातले. आमच्याकडे पोह्यावर शेंगदाणे आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, भुरभुरली की झालं. इथे वरून हरभऱ्याची लाल तर्री ओततात. बाई म्हणाली, "पोहे भिजवाचे असतात का बुडवाचे?" पण दुसऱ्यांदा प्लेट तिनेच पुढे केली.

तिथून आधी दीक्षाभूमीवर गेलो. आजवर आम्ही तिथे फक्त गर्दीच्या दिवशी गेलेलो, एकमेकांचे पदर धरून, लेकरं हरवू नयेत म्हणून ओरडत. आज साधा वार होता. मोकळ्या पायऱ्या, ऊन, झाडणारी एक बाई. अनुसयाबाई स्तूपाच्या आत जाऊन बराच वेळ बसली. बाहेर आल्यावर म्हणाली, "आज लय मोकळं वाटलं." मलाही तसंच वाटलं.

अकराला विधान भवनाच्या रस्त्यावर पोहोचलो. लोखंडी कठडे, पोलीस, लांबच लांब रांग. आधारकार्ड, पास, पासावर शिक्का. मी रांगेत इतक्या शिस्तीत उभा होतो की पुढच्या माणसाने मला तिथलाच कर्मचारी समजून स्वच्छतागृह कुठे आहे ते विचारलं.

तपासणीत मात्र आमची धांदल उडाली. बाईच्या कनवटीच्या बटव्यातून चुन्याची डबी, दोन सुपाऱ्या आणि एक चांगला वीतभर लांब अडकित्ता निघाला.

"मावशी, हे काय?" महिला पोलीस म्हणाली.

"अडकित्ता."

"हे हत्यार झालं ना, मावशी."

"सुपारीसाठी हत्यार, बाप्पा. मानसासाठी नाई."

ती मुलगी हसली, पण अडकित्ता ठेवूनच घेतला. मी बाईकडे पाहून मान हलवली. नियम वाचून दाखवले होते ना! तेवढ्यात माझ्या खिशातून नियमांची छापील प्रत निघाली.

"काका, कागद आत चालत नाही."

"अहो, पण हे तुमचेच नियम आहेत."

"तेच वाचा ना. कागद चालत नाही."

चौथ्या ओळीत खरंच लिहिलं होतं. इतक्या वेळा वाचूनही माझ्या नजरेतून सुटलं होतं. माझा पेनही गेला. अठ्ठावीस वर्षं जो खिशाला होता तो नसल्यावर छातीवर गार वारा लागल्यासारखं झालं. बाईने पदराआड हसून घेतलं.

जिने चढून गॅलरीत गेलो. सभागृह खाली होतं. उतरत्या बाकांच्या रांगा आणि समोर उंच आसन. बाई माझ्या कानाशी म्हणाली, "एवढंसंच?" मी बोट ओठांवर ठेवलं. गणवेशातला मार्शल भिंतीपाशी उभा होता आणि त्याची नजर आमच्या तालुक्यातल्या सगळ्या शाळामास्तरांची मिळून असावी तशी होती.

मधल्या टेबलाशी प्रतिवेदक बसले होते. एकाची वेळ संपत आली की दुसरा येऊन बाजूला बसायचा, लिहायला लागायचा, मग पहिला उठून जायचा. बोलणाऱ्याला कळतसुद्धा नव्हतं. चालत्या गाडीत चालक बदलावा आणि प्रवाशाला धक्काही बसू नये, तसं. मी मनातल्या मनात दहापैकी दहा दिले.

सव्वाबाराला खाली कशावरून तरी गोंधळ सुरू झाला. आम्हाला पायावर पाय टाकायची बंदी, आणि खाली माणसं उभी राहून, हात उगारून, एकदम बोलत होती. बाईने माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत प्रश्न होता, यांना नियम वाचून दाखवणारा कोणी नाही का? कामकाज दहा मिनिटांसाठी तहकूब झालं.

दहाची वीस मिनिटं झाली. साडेबारा वाजून गेले, पावणेएकही होत आले. आमचा पास एकपर्यंतचा. बाईने माझं मनगट धरलं ते सोडेचना. "आपली पोरगी निघून तं नाई गेली?" ती पुटपुटली. मला काहीच माहीत नव्हतं. एवढ्या लांबून, इतका अट्टहास करून आणलं आणि ती रिकामी खुर्ची पाहून परत जाणार की काय?

बारा सत्तेचाळीसला कामकाज पुन्हा सुरू झालं. आणि बाजूच्या दारातून निळी साडी नेसलेली प्रज्ञा आली. हातात वही. खुर्ची ओढली, बसली, मान खाली घातली, लिहू लागली. बाईची बोटं माझ्या मनगटात रुतली. तिने हाक मारली नाही, हात हलवला नाही. डोळ्यांतून पाणी मात्र घळाघळा वाहत होतं आणि त्याविरुद्ध काही नियम नव्हता.

दोनच मिनिटं शांततेत गेली. पुन्हा गदारोळ. त्या सगळ्या गोंगाटात मागच्या बाकावरचा एक सदस्य उभा राहून बोलत होता. बारकासा, सावळा माणूस. आमच्या भागातला नव्हता. त्याच्याकडे कोणी पाहत नव्हतं. आम्हाला त्याचा एक शब्द ऐकू येत नव्हता, नुसते ओठ हलताना दिसत होते. तरी तो थांबत नव्हता. हातातला कागद पाहून एकेक वाक्य बोलत होता.

मी प्रज्ञाकडे पाहत होतो. बाई मात्र आता त्या माणसाकडे पाहू लागली. तिचा चेहरा कळवळला. मला आधीच धोका ओळखता यायला हवा होता.

आसनावरचे अध्यक्ष उभे राहिले. ते उभे राहिले की सगळ्यांनी खाली बसायचं, असा तिथला नियम. आणि काय आश्चर्य, सगळे एकदम बसले, एकदम गप्प झाले. नेमक्या त्याच क्षणी त्या दुबळ्या माणसाला धीर देण्यासाठी माझ्या बहिणीने पोटातून, भरदार, गिरणीवरचा हूं दिला.

"हूं!"

घुमला तो. सगळं सभागृह वर पाहायला लागलं. पहिल्या बाकावरचे, मागच्या बाकावरचे, सगळे. तो सावळा सदस्यही पाहत होता. फक्त एक मान वर झाली नाही. प्रज्ञाचा पेन तेवढा क्षणभर थांबला आणि मग पुन्हा चालू लागला.

मार्शल दोन ढांगांत आमच्यापाशी आला. "मावशी, पुन्हा आवाज आला तर बाहेर जावं लागेल." बाईने अर्धा पदर तोंडात कोंबला. मी गुडघ्यांवर हात ठेवून, पाठ ताठ करून, आदर्श प्रेक्षकासारखा बसलो. इतका घाम मला तिकीट तपासनीस गाडीत चढल्यावरही कधी फुटला नव्हता.

उरलेली पाच मिनिटं बाईने पापणी हलवली नाही. मग दुसरा प्रतिवेदक येऊन बसला, प्रज्ञा उठली, वही छातीशी धरली आणि वर न पाहता दारातून गेली. पासावर तीन मिनिटं शिल्लक होती. बाई उठली.

"चाल," ती म्हणाली. "माहं झालं."

फुटपाथ

दीड वाजता जेवणाच्या सुट्टीत प्रज्ञा बाहेर आली. रस्त्यापलीकडे कडुनिंबाखाली आम्ही सतरंजी टाकून बसलो होतो. ज्वारीची भाकरी, जवसाची चटणी, रात्रीची वांग्याची भाजी. आल्या आल्या तिने आईला मिठी मारली आणि दोघी इतक्या हसल्या की चहावाला चहा ओतायचा थांबला.

"माय, तुहा हूं ऐकू आला मले."

"लिहला का?" बाईने घाबरून विचारलं.

"नाई व. गॅलरीतला आवाज कामकाजात घेत नाईत."

"बरं झालं, बाप्पा." बाईने भाकरी मोडली, मग थांबली. "अन थ्या मानसाचं? थो एकटा बोलून राह्यला होता, कोनीच ऐकत नोतं. मले लय वाईट वाटलं."

"मी ऐकलं न."

"एवढ्या कल्लोयात?"

"गिरनीवर बसून अभ्यास केला न मी. गिरनी चालू असली तरी कोन काय दयाले आलं थे तू मलेच इचारत होती." प्रज्ञा खात खात बोलत होती. "थो सांगत होता, वाडी-तांड्यावरच्या पोरी शायेतून पायी येतात. संध्याकायची एक गाडी द्या म्हनत होता. पाऊस असला की पोरी घरीच राह्यतात, मंग शाया सुटते त्याइची. असं सारं."

बाईचा घास हातातच राहिला. वस्तीपासून केनवडच्या शाळेपर्यंत प्रज्ञा सहा वर्षं पायी गेली होती. त्या वाटेवर माझी गाडी नव्हती, याची बोच मला आजही आहे.

"सारं लिहलं?"

"शब्द न शब्द."

"अन उद्या कोनी म्हनलं, थो असं बोललाच नाई, तं?"

"तं माह्यं लिहलेलं काढून पाह्यतील, माय."

बाईने पोरीचा उजवा हात ओढून घेतला, त्यावरची शाई अंगठ्याने चोळून पाहिली आणि सोडला. मग अडकित्ता आणायला निघून गेली. ती गेल्यावर प्रज्ञा मला हळूच म्हणाली, "मामा, खरं तर अध्यक्षांनी सांगितलं तर लिहिलेलंही कामकाजातून काढून टाकतात. तसा नियम आहे. पण मायला नका सांगू." मी मान डोलावली.

पुन्हा कारंजा

परतीच्या गाडीत बाईने संत्र्यांची पिशवी मांडीवर घेतली होती आणि प्रत्येक शेताला चांगलाच शेरा देत होती. वाळकी तूरसुद्धा तिला त्या दिवशी बरी दिसली.

कारंज्याला शेवंताबाई फलाटावर होती. बाईने तिला खिडकीतून संत्री दिली नाहीत. खाली उतरली, तिच्यासमोर उभी राहिली.

"पाह्यलं का मंग, इहीनबाई?" शेवंताबाईने विचारलं. "काय करते पोरगी?"

"सांगतो," बाई म्हणाली. "तिथं शे-दीडशे मानसं एकदम बोलत होती. एक गरीब मानूस पोरीबाईच्या शायेचं सांगत होता, अन कोनालेच ऐकू येत नोतं. मलेबी नाई. माह्या पोरीले आलं. तिनं मान वर केली नाई, सारं लिहून घेतलं. आता थो बोललाच नाई असं कोनाच्या बापाले म्हनता येत नाई." तिने दम घेतला. "तिनं लिहलेलं कोनालेच पुसता येत नाई, इहीनबाई. कोनालेच."

शेवंताबाईने बाईच्या हातातली पिशवी स्वतःकडे घेतली आणि म्हणाली, "बसा घडीभर. पहिल्यापासून सांगा."

मी गाडीच्या दारात उभा होतो. अध्यक्षांचा तो काढून टाकण्याचा नियम माझ्या अगदी जिभेवर आला होता. पंधरा मिनिटं मी तो दातांखाली धरून ठेवला, आणि गाडी सुटल्यावरही सोडला नाही. आज पहिल्यांदा लिहितो आहे, तोही बाईला वाचता येत नाही म्हणून. ज्यांना येतं त्यांनी तिला सांगू नये, एवढा एकच नियम या प्रवासाला मी माझ्याकडून घालतो.